पंगतीतले आगंतुक

आमच्या घरी रोज सकाळी साडेसहाला पंगत बसते. यजमान मी, वाढपी मी, आणि पंगत उठल्यावर खरकटे काढणाराही मीच. कारण "हौस तुमची, तर झाडूही तुमचाच" असा निवाडा सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी देऊन टाकला आहे. पाहुणे सगळे पंखांचे. निदान पंगत मांडली ती त्यांच्यासाठी. प्रत्यक्षात जेवायला कोण कोण येऊन बसते, ते पुढे येईलच.

या पानावर एरवी मी वर्गातल्या नि घरातल्या किरकोळ गमती लिहितो आणि संपादक मला दोन रकाने मोजून देतात. दिवाळी अंकात त्यांचा हात जरा सैल असतो. म्हणून गेले वर्षभर सांगू की नको असे करीत राहिलेली एक गोष्ट आज सांगतो. गोष्टीत माझी शोभा फारशी नाही, हे वाचकांनी आधीच समजून असावे.

आमचे गाव वडसा. स्टेशनच्या पाटीवर वडसा, तालुक्याच्या कागदांवर देसाईगंज. परगावचे पाहुणे पत्ता विचारताना हटकून गोंधळतात. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला, तेव्हापासून कितीतरी वर्षे जिल्ह्यातले रेल्वे स्टेशन म्हणून हे एकच. शेजारून वैनगंगा वाहते. चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, मग भातगिरण्या, आणि त्यांच्यापलीकडे जंगल. दिवाळी झाली की इथल्या नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो आणि झाडीपट्टीतल्या गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. अशा गावात मी कॉलेजात मराठी शिकवतो. घर गावाच्या कडेला आहे. मागे सांदवाडी, म्हणजे पुणेकर ज्याला परस म्हणतील ती. तिच्यात एक पेरू, एक सीताफळ, कढीलिंबाचे झाड आणि कठडा खचलेली एक विहीर.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई खेड्यातले घर बंद करून आमच्याकडे आली. साठ वर्षे बांधीत राबलेल्या बाईला वडशाच्या पक्क्या घरात करण्यासारखे काही उरले नाही. सून स्वयंपाकघरात हात लावू देत नाही (आदराने), नातू मोबाईलमधून मान वर काढीत नाही (सवयीने), आणि मुलगा बोलतो ते सगळे तिला वर्गात बोलल्यासारखे वाटते. ती दिवसभर मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसायची.

पहिल्या दिवाळीला तिने मला गावाकडून हलक्या धानाच्या लोंब्या आणायला सांगितले. त्या ओल्या करून तिने दोन दिवस बसून एक तोरण विणले आणि पडवीच्या वाशाला टांगले. वडील दरवर्षी असे तोरण टांगीत. मला ते आठवत होते, पण त्याचे कारण मी कधी विचारले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यावर चिमण्या आल्या. लोंबीला उलट्या लोंबकळून, टरफल सोलून दाणा खाताना त्यांचा जो किलबिलाट चालला होता, तो ऐकून आई म्हणाली, "आल्या बाबू, घर सापडलं त्याइले." तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही हलले.

एक गंमत मात्र माझ्या ध्यानात होती. हेच वडील धान दाण्यावर आले की पत्र्याचा डबा बडवीत बांधावरून चिमण्या हाकलीत. आईला विचारले, तर ती म्हणाली, "रानातलं आपलं, घरातलं त्याईचं." एवढ्या सोप्या वाटणीवर मी काय बोलणार? मोठमोठ्या देशांना ती जमली नाही. चीनने १९५८ साली धान्य खाते म्हणून चिमणीला उंदीर, माश्या नि डासांच्या पंक्तीला बसवून देशभर मारली. पुढे पिकांवर किडे मातले, आणि १९६० साली तिचे नाव यादीतून काढून त्या जागी ढेकूण घालावा लागला. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या नि किडे भरवते, ही गोष्ट यादी करणाऱ्यांच्या उशिरा लक्षात आली.

तोरण महिन्याभरात संपले. आई पुन्हा भिंतीला टेकली. तेव्हा मी हा विषय हाती घेतला. आणि एम. ए. झालेला माणूस एखादा विषय हाती घेतो, तेव्हा त्याची सोपी बाजू आधी मरते. मी पुस्तके मागवली. या विद्येचे एक दैवत आमच्याच मुलखात कित्येक वर्षे राहून गेले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीतली बरीच वर्षे इकडे नवेगावबांधला काढली, पाखरांची शेकडो नावे गोळा केली, आणि २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषवले. २०२५ साली ते गेले. त्यांच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो. मी दोघांची पुस्तके उशाशी ठेवली आणि सुताराकडून कडा असलेला लाकडी ट्रे करून घेतला. पाणी निथळावे म्हणून त्याला भोके पाडली, कमरेइतक्या उंच खांबावर तो बसवला, आणि शेजारी पसरट मातीचे भांडे पाण्यासाठी ठेवले. गिरणीतून कनकी आणली, बाजारातून बाजरी नि राळे.

पाखरे आली. चिमण्या सर्वांआधी. मग ठिपकेवाल्या मनोळ्या, एवढ्याशा, चॉकलेटी, छातीवर खवले कोरल्यासारख्या. एक उडाली की वीस उडतात आणि एक बसली की वीस बसतात, अगदी आमच्या प्रथम वर्षाच्या मुलींसारख्या. होले खाली पडलेले वेचतात, ट्रेवर चढत नाहीत, स्वभावच मवाळ. सातभाई येतात ते भांडत, जातात तेही भांडत, पण एकाला काही झाले की सहाजण धावून येतात. बुलबुलाला दाण्याचे काम नाही. त्याला पिकला पेरू हवा. दयाळ तर कशालाच तोंड लावीत नाही. पाण्याच्या भांड्याच्या काठावर उभा राहून शेपूट वर करतो, एक तान घेतो आणि जातो. मानधन न घेता गाणारा कलावंत मी दुसरा पाहिलेला नाही. आई या सगळ्यांना हजेरी लावू लागली. "आज तो धोतरवाला नाई आला," असे ती म्हणाली की समजावे, काळापांढरा दयाळ आज गैरहजर आहे.

इथपर्यंत सगळे छान होते. मग आगंतुक आले.

पहिली खार. खांब उंच केला, ती चढली. खांब गुळगुळीत केला, तरी चढली. कुणीतरी तेल लावा म्हणाले. पण ते पाखरांच्या पिसांना लागले तर त्यांचे उडणेच बंद होईल, असे वाचले होते. मग एका पुस्तकात मिरचीचा उपाय सापडला. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांच्या जिभेला झोंबतो, पाखरांना तो जाणवत नाही. म्हणूनच पोपट हिरव्या मिरच्या आवडीने खातो. मी कनकीत भिवापुरी तिखट कालवले. शास्त्र खरे ठरले. खारीने एक घास घेतला, शिंकली आणि पळाली. चिमण्या निवांत जेवत राहिल्या. पण शास्त्राने वाऱ्याचा विचार केलेला नव्हता. तिखटाचा भपकारा थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला, आणि त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात जे झाले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

आई खारीच्या बाजूची. सेतू बांधताना मदत केली म्हणून रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, तेच ते पट्टे. मी म्हटले, "आई, गोष्टीत पट्टे तीन असतात. आपल्या खारीला मी मोजले, पाच आहेत." आई म्हणाली, "पाचई बोटं फिरवली असन." संशोधन तिथेच संपले.

शेवटी जमला तो उपाय अगदी साधा. ट्रेच्या खाली खांबाला पत्र्याची उलटी टोपी बसवली, आणि खांब उचलून पेरूच्या फांद्यांपासून नि भिंतीपासून आठ-दहा फूट दूर रोवला. खार टोपीच्या आत शिरते, वरचा रस्ता सापडत नाही, आणि गोंधळून उतरते. तिच्यासाठी पेरूच्या दुबेळक्यात थोडे दाणे वेगळे ठेवू लागलो. दक्षिणा दिल्यासारखे झाले, पण शांतता मिळाली.

या विजयाची हकीकत मी शेजाऱ्यांना सांगायला गेलो. ते वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी आळी त्यांना गार्डसाहेब म्हणते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमच्या घरी खार आली. लोकाइच्या बांधीत हत्ती येते जी." मी गप्प झालो. २०२१ सालच्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि त्यानंतर कापणीला आलेले धान एका रात्रीत तुडवले जाण्याचे दुःख इकडच्या कितीतरी घरांनी पाहिले. २०२२ साली याच वडशाच्या जंगलात एका नरभक्षक वाघाला बेशुद्ध करून पकडले. त्याच्या नावावर तेरा माणसे होती. असल्या मुलखात राहून मी खारीवर व्याख्यान देत होतो.

पारव्यांचा प्रश्न मात्र मी त्यांना सांगितला नाही. भातगिरणीच्या पत्र्यावरचे पारवे पन्नासपन्नासने उतरत आणि ट्रे पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ करीत. त्यांची विष्ठा वाळून उडाली की दमेकऱ्यांच्या फुप्फुसांना अपाय होतो, हे २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो गदारोळ उठला, त्यामुळे आता घरोघर माहीत आहे. आईला थंडीत दम लागतो. ट्रेवर मी दीड इंची चौकटीच्या जाळीचा पिंजरा चढवला. चिमणी, मनोळी सहज आत जातात, पारव्याचे डोके तेवढे जाते. चार दिवस डोके घालून पाहिले त्यांनी, मग गिरणी बरी म्हणून परत गेले.

उंदरांचे प्रकरण इतके हसण्यासारखे नव्हते. रात्री ट्रेखाली सांडलेल्या दाण्यांवर ते येत असत, हे मला ठाऊकच नव्हते. पावसाळ्यात एका संध्याकाळी सौ. ओरडली, पडवीच्या पायरीशी, आईच्या बसण्याच्या पोत्यापासून हातभरावर, सहा-सात फुटांचे जनावर सळसळत चालले होते. गार्डसाहेब काठी न घेता आले. "धामण आहे. इचं काम उंदराचं, तुमचं नाई. पन उंदीर राहीन त उद्या मन्यारई येईन. ते रात्री अंथरुनात येते." आमच्या पट्ट्यात मण्यार ही काही पुस्तकातली गोष्ट नव्हे, आणि आई अजून खाली सतरंजीवर झोपते. त्या रात्री मी ट्रे उचलून कोठीत ठेवला होता. सकाळी आई रिकाम्या खांबाकडे बघत बसली, आणि मी ट्रे परत आणला, पण नियम करून. दाणा मोजून दोन मुठी. दुपारपर्यंत संपेल तेवढाच. खाली फरशी टाकून घेतली. दिवेलागणीच्या आत झाडू. आईला खाट. खाटेवर तिला झोप येत नाही, ती तक्रार आजही चालू आहे.

आता कावळा.

पडवीच्या कोपऱ्यात चिरंजीवांनी शाळेच्या उपक्रमासाठी चिमणीचे लाकडी घरटे टांगले होते. त्यात खरोखरच एक जोडपे राहायला आले. पिल्ले झाली. आईचे सगळे लक्ष तिथे. एक पिल्लू भोकाशी येऊन चोच उघडून बसू लागले, आणि एका सकाळी, आईच्या डोळ्यांदेखत, कावळ्याने ते उचलले. चिमणी मादी दोन दिवस त्या भोकाशी ओरडत होती. आई काही बोलली नाही. मी बोललो. कावळा या घराच्या आवारात दिसता कामा नये, असे मी जाहीर केले.

त्यानंतर चार महिने मी जे केले ते इथे थोडक्यात सांगतो. चिरंजीवांच्या वयात टाकलेली गुलेर पुन्हा हातात घेतली. मातीच्या वाळक्या गोळ्या, त्याही नेम चुकवून. पण कावळ्याला माझा नेम चुकवायचा आहे हे कळण्याचे कारण नव्हते. सौ. म्हणाली, "सालीम अलींनीसुद्धा लहानपणी चिमणी मारूनच सुरुवात केली होती म्हणतात. तुम्ही पन्नाशीत करताय." (मी पन्नाशीत नाही, सेहेचाळीस वर्षांचा आहे.) टाळ्या वाजवल्या, जुन्या चकत्या दोरीला बांधून चमकवल्या, काळे फडके टांगले. गार्डसाहेबांनी कुंपणापलीकडून कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कावळ्याला उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी जनावरांच्या पाचव्या अनुसूचीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. "आता कावराई आमचाच मानूस, सर," ते म्हणाले. झाडीबोलीत ळ नाही. कावळ्याचा कावरा होतो. मी भाषेचा मुद्दा तेवढा टिपून घेतला, कायद्याचा सोडून दिला.

आणि दिवसा याच काळात मी वर्गात काय शिकवीत होतो? ज्ञानेश्वरांची विराणी. तिच्यातली विरहिणी कावळ्याची मनधरणी करते, पाहुणा येणार असल्याचा शकुन सांग म्हणते, त्याला दहीभात देऊ करते, दुधाची वाटी देऊ करते, त्याचे पाय सोन्याने मढवायला निघते. मी मुलांना तळमळीने समजावून सांगत होतो की मराठी मनाने या काळ्या, बेसूर पाखराला निरोप्याचा मान दिला आहे. तास संपवून घरी यायचे, चप्पल काढायची, आणि गुलेर घेऊन मागे जायचे. कोकिळेवरच्या कवितांचे कौतुक करताना तिचे पिल्लू ज्या घरट्यात वाढते ते कावळ्याचे, हेही मी सांगत असे. विद्यार्थी हसत. मीही हसत असे.

महिनाभरात कावळे आवारात यायचे थांबले. समोर मोबाईलचा मनोरा आहे, त्यावर बसून ते मला पाहत. मी घराबाहेर पडलो की त्यांचा जो कालवा उठे तो कोपऱ्यापर्यंत सोबत येई, सौ. किंवा आई बाहेर गेली तर मनोरा गप्प. मला वाटले, हा माझ्या मनाचा खेळ. नंतर वाचनात आले की अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडून सोडले होते. त्यानंतर कित्येक वर्षे, मुखवटा कुणीही घालो, तिथले कावळे त्याच्यावर तुटून पडत. आणि ज्यांना कधीच पकडले नव्हते असे कावळेही त्यात सामील होत. म्हणजे बदनामी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिथली जात वेगळी असली तरी कुळी एकच. मला तर मुखवटाही नव्हता. होता तो माझाच चेहरा.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष आला. वडिलांची तिथ अष्टमीची. आईने पहाटे उठून सगळे केले. त्या दिवशी तिने सुनेला चुलीजवळ येऊ दिले नाही. भात, कढी, उडदाचे वडे, दोडक्याची भाजी, खीर. पळसाच्या पानावर वाढून तिने पान मागच्या भिंतीवर ठेवले, पाणी फिरवले आणि हात जोडून उभी राहिली. साडेअकरा वाजले होते. नेहमी अशा वेळी पान ठेवायचा अवकाश, की कावळा हजर. गावाकडे तर आईला काठी घेऊन उभे राहावे लागे, बाकीच्या घरांची पाने होईस्तोवर.

बारा वाजले. कावळे होते. मनोऱ्यावर सात-आठ बसले होते, माना तिरप्या करून पानाकडे बघत होते. एकही उतरला नाही. आईने हाक मारली. मीही "काव काव" करून पाहिले, तसा मनोऱ्यावर गोंगाट उठला आणि दोघे उडून आणखी लांब गेले. साडेबारा. आईला साखरेचा आजार आहे. गोळी घेतलेली, पोटात सकाळपासून काही नाही. सौ. म्हणाली, "आई, दोन घास खाऊन घ्या, गाईला देऊ." आई म्हणाली, "त्याईनं खाल्ल्याबिगर मी कधी खाल्लं का?" ती वडिलांविषयी बोलत होती. घरात साठ वर्षे तो नियम होता, आणि आता तो मोडायचा की नाही हे मनोऱ्यावरचे सात कावळे ठरवीत होते.

एक वाजता तिचा हात थरथरायला लागला. ती भिंतीला धरून खाली बसली आणि हळू आवाजात वडिलांशी बोलू लागली. अमुक राहिले का, तमुक राहिले का; धाकट्या आत्याचे राहिले का, विहिरीवरच्या मोटारीचे पैसे राहिले का. कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असे समजतात, आणि ती एकेक इच्छा आठवून वचन देत होती. मी दोन हातांवर उभा होतो. कावळा का येत नाही ते मला ठाऊक होते. ते सांगायला माझे तोंड उघडेना.

कुंपणापलीकडून गार्डसाहेब म्हणाले, "सर, तुमी अंदर जा. तुमाले पाहून नाई येत ते."

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून बघत राहिलो. वीस मिनिटे गेली, कावळा आला नाही. बहुधा घराचीच ओळख पटलेली. मग गार्डसाहेबांच्या मंडळींनी कुंपणावरून हात लांब करून पान उचलले आणि आपल्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे ठेवले. पान टेकले नाही तोच एक उतरला. वडा उचलला, खिरीत चोच बुडवली. आईने तिथूनच, कुंपणाला धरून, दुसऱ्याच्या अंगणाकडे हात जोडले.

ती सव्वा दोनला जेवली. मला काही म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी गुलेर त्याच संध्याकाळी चुलीत घातली. चिरंजीवांनी ते पाहिले आणि प्रथमच मोबाईलमधून मान वर काढली.

मग सुरू झाले ते माझे प्रायश्चित्त म्हणा, की संशोधन. चिमणीच्या घरट्याचे भोक मी सव्वा इंचाचे करून घेतले आणि तोंडाशी जाड लाकडाची चौकट ठोकली, म्हणजे पिल्लू भोकाशी आले तरी चोच पोहोचू नये. ट्रेपासून लांब, मागच्या भिंतीच्या टोकाला, रोज सकाळी पोळीचा किंवा भाताचा एक घास ठेवायला लागलो. ठेवायचा आणि आत जायचे. पहिले तीन महिने घास मुंगळ्यांनी नेला. मग आईने स्वतः ठेवायला सुरुवात केली, आणि माघाच्या सुमारास एक जण आला. त्याच्या एका पायाला बोट कमी आहे. आई त्याला "लंगड्या" म्हणते. तो तिच्या हातापासून तीन विटांवर थांबतो. मी पडवीत नुसता चहा पीत बसलो असलो तरी मनोऱ्यावरून खाली येत नाही. उन्हाळ्यात शिक्रा आला होता, मनोळी उचलायला. तेव्हा सगळ्यांत आधी ओरडून त्याला गावाबाहेर काढणारे हेच. चिमण्यांनी त्यांचे आभार मानलेले दिसले नाहीत. चिरंजीव म्हणाले, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक असाच असतो, शेवटच्या अंकात टाळ्या घेतो. एवढ्या वर्षांत नाटकावर त्यांनी काढलेला हा पहिला उद्गार, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

यंदाची अष्टमी आली, तेव्हा आईने मला सकाळीच सांगितले, "बाबू, तू अंदर राह्यजो." मी कॉलेजातून रजा घेतली होती आणि अंदर राहिलो, खिडकीच्या फटीशी. पान ठेवले, पाणी फिरवले. पहिल्यांदा आली ती खार. भिंतीवरून सरसर येऊन तिने एक वडा दोन्ही हातांत धरला आणि तिथेच बसून खायला लागली. सौ. पुढे झाली, आईने तिला हाताने थांबवले. मग लंगड्या उतरला. खारीला त्याने विचारलेही नाही. पलीकडच्या बाजूने दुसरा वडा उचलला, जरा मागे सरला, पुन्हा आला आणि भातात चोच घातली. बारा वाजायला पाच मिनिटे होती.

"ये आता बाहेर," आई म्हणाली.

मी दारात आलो. लंगड्याने माझ्याकडे पाहिले आणि वडा घेऊन मनोऱ्यावर गेला. खार खात राहिली. मी पडवीत आईशेजारी बसलो. तिने जेवायला घेतले, आणि घास तोंडाजवळ नेता नेता म्हणाली, "जरा अंदर जाजो. त्याची खीर राह्यली."